स्कॉटलंडमधील पूर्वजांचा शोध : पॅरिशच्या जुन्या वह्या, दफनाच्या नोंदी आणि दोन इसोबेल

गोदाकाठ (धागाकर्ती)

माझे सासर स्कॉटलंडचे आहे. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, "तुला जुने कागद वाचायची हौस आहे, तर आमच्या घराचे मूळ तूच शोध." डब्यात छायाचित्रे होती, दोन-चार पत्रे होती आणि १८५८ सालच्या एका मृत्यूच्या नोंदीची नक्कल होती. ही नोंद सासूबाईंच्या पणजोबांच्या आजीची. तिचे नाव इसोबेल, वय ६७, मृत्यू डंडी शहरात. वडील विणकर होते, आणि आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट दिलेले आहे.

त्या माहेरच्या आडनावापाशी मी बराच वेळ थांबले. आमच्या घरी वंशावळीची एक गुंडाळी आहे. तिच्यात अकरा पिढ्यांचे पुरुष ओळीने बसले आहेत आणि बायकांच्या जागी काहीच नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र लग्नानंतरही बाईचे माहेरचे आडनाव कायदेशीर कागदांतून पुसले जात नसे. चर्चची वही असो, मृत्युपत्र असो किंवा थडग्यावरचा दगड असो, ती आपल्या आडनावानेच ओळखली जाते आणि पुढे "अमक्याची पत्नी" एवढे लिहिलेले असते.

त्या नोंदीच्या आधाराने मी पूर्व फाइफमधील एका पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) बाप्तिस्म्याच्या वहीपर्यंत पोचले. (त्या घराण्याची माणसे अजून त्या गावात राहतात, म्हणून पॅरिशचे नाव आणि आडनाव येथे देत नाही.) या दांपत्याची चार मुले वहीत सापडली : १७८४ मध्ये मुलगा, सप्टेंबर १७८६ मध्ये इसोबेल, १७८९ मध्ये मुलगा आणि एप्रिल १७९१ मध्ये पुन्हा इसोबेल. आमची इसोबेल यांतली कोणती? महाजालावर लोकांनी चढवलेल्या तिन्ही वंशवृक्षांत १७८६ ची घेतली आहे, पण कारण कुणीच दिलेले नाही. १८४१ च्या खानेसुमारीत तिचे वय ५० आहे, १८५१ मध्ये ६२ आणि मृत्यूच्या वेळी ६७. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जाणकारांनी वाट दाखवावी.

मोडीवाचक

आपण शेवटाकडून सुरुवात केली आहे आणि तेच बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. इंग्लंडच्या मानाने ती अठरा वर्षे उशिरा आली, पण तिच्यात मजकूर पुष्कळ जास्त आहे. पहिल्या वर्षी तर इतकी माहिती विचारली जात असे की लिहिणारे कारकून मेटाकुटीला आले आणि १८५६ मध्ये रकाने कमी करावे लागले. मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावे मात्र टिकली, आणि १८५५ ते १८६० एवढ्याच काळात दफन कुठे झाले तेही लिहिलेले असते. आपली नोंद १८५८ ची आहे, म्हणजे दफनभूमीचे नाव तिच्यात असले पाहिजे. ते आधी पाहावे.

१८५५ च्या आधीचा सगळा कारभार चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशच्या वह्यांत आहे. सर्वांत जुनी वही पर्थशरमधील एरल येथील असून ती १५५३ पासून सुरू होते. सुमारे नऊशे पॅरिशांच्या मिळून साडेतीन हजारांच्या आसपास वह्या आज एडिनबरोला आहेत आणि स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रे पाहता येतात. मात्र वही ठेवणे हे त्या त्या गावच्या सेशन क्लार्कच्या, म्हणजे चर्चच्या कारकुनाच्या, मर्जीवर आणि उत्साहावर अवलंबून होते. एके ठिकाणी १६५० पासून अखंड नोंदी मिळतात, तर पश्चिमेकडच्या बेटांवरील काही पॅरिशांची वही एकोणिसाव्या शतकात उघडली गेली.

आपल्या दोन्ही इसोबेल कराच्या काळातल्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. १७८३ च्या कायद्याने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला आणि तो १७९४ पर्यंत चालला. निर्धनांना तो माफ होता, पण ज्यांना माफी नव्हती त्यांतल्या बऱ्याच जणांनी नोंद करणेच टाळले. आपल्या विणकराने चार वेळा कर भरलेला दिसतो. पाचव्या वेळी भरला नसेल तर त्या मुलाचा माग वहीत लागणार नाही.

वयांचा घोळ तसा सोपा आहे. १८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. त्यामुळे ५० याचा अर्थ ५० ते ५४ यांपैकी काहीही. खानेसुमारीची तारीख ६ जून होती. त्या दिवशी १७८६ ची इसोबेल ५४ वर्षांची असती आणि १७९१ ची नुकती ५० ची, म्हणजे दोघीही त्याच आकड्यात बसतात. १८५१ चे ६२ दोघींनाही लागू पडत नाही, म्हणून तो आकडा बाजूला ठेवावा. मृत्यूच्या वेळचे ६७ हे १७९१ कडे झुकते, पण ते वय मरणाऱ्याने सांगितलेले नसते. खबर देणारा कोण होता? मुलगा, जावई की शेजारी?

कोराकागद

एक साधा प्रश्न. १७८६ ची मुलगी लहानपणी वारली असेल तर त्याच पॅरिशच्या दफनाच्या वहीत तिचे नाव सापडायला हवे. मग इतका विचार कशाला?

वहीखाते

दफनाची वही असती तर हा धागाच निघाला नसता. स्कॉटलंडच्या पॅरिश-नोंदींत सर्वांत दुबळा भाग दफनांचा आहे. बाप्तिस्मा आणि विवाह यांत चर्चचा धार्मिक हात होता. दफनाच्या बाबतीत मात्र धर्मसुधारणेनंतरच्या प्रेस्बिटेरियन चर्चने विधी जवळजवळ काढूनच टाकले होते, कारण मृतासाठी केलेली प्रार्थना त्यांना जुन्या कॅथलिक वळणाची वाटे. त्यामुळे कित्येक पॅरिशांत मृत्यूची वही कधी ठेवलीच गेली नाही, आणि जिथे ठेवली तिथेही "अमक्याचे मूल" किंवा "विधवा अमुक" यापलीकडे मजकूर क्वचितच जातो.

तरीही मेलेली माणसे सापडतात, ती हिशेबाच्या वहीत. प्रत्येक पॅरिशचा कारभार कर्क सेशन ही मंडळी पाहत असे. धर्मगुरू आणि गावातले ज्येष्ठ मिळून ती बनलेली असे आणि गरिबांना मदत वाटण्याचे कामही तिच्याकडे होते. या मदतीचा पैसा उभा करण्याचे एक साधन म्हणजे मॉर्टक्लॉथ. शवपेटीवर किंवा पेटी नसेल तर थेट प्रेतावर घालायचे हे काळे वस्त्र सेशनच्या मालकीचे असे आणि अंत्ययात्रेसाठी भाड्याने दिले जाई. उत्तम मखमलीचे भाडे वेगळे, साध्या कापडाचे वेगळे आणि मुलांसाठीच्या लहान कापडाचे वेगळे. खजिनदार तारखेसह रक्कम लिही आणि ती कुणाकडून आली तेही लिही. ही ओळ दफनाची नोंद म्हणून लिहिलेली नाही, जमेची नोंद म्हणून लिहिलेली आहे, आणि आज पुष्कळ माणसांच्या मरणाचा तेवढाच पुरावा उरला आहे.

यातून निसटणारेही बरेच. अगदी गरिबाला कापड फुकट मिळे, त्यामुळे जमेच्या बाजूला तो येत नाही. त्याचे नाव आलेच तर पेटीच्या खर्चात येते. काही शहरांत विणकर, लोहार अशा व्यावसायिक संघांचे स्वतःचे मॉर्टक्लॉथ असे. त्याचे भाडे संघाच्या वहीत जमा होई आणि चर्चच्या वहीत त्या घरचे कुणी मेल्याचे कळतच नाही. तान्ह्या मुलांसाठी बहुतेक वेळा कापड घेतलेच जात नसे.

स्कॉटलंड्स पीपलवर दफनांचा नावनिहाय शोध घेतला की पॅरिशच्या वहीत शिरलेल्या नोंदी तेवढ्या दिसतात. कर्क सेशनचे वेगळे हिशेब नावाने शोधता येत नाहीत. ते २०२१ पासून त्याच संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, पण पान पान उलटून वाचावे लागतात. चहाचा थर्मास जवळ घेऊन बसावे. मी तरी तसेच करतो.

गोदाकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे बसले आणि तीन रात्री गेल्या. १७८० च्या दशकात पोचायच्या आधीच वाटेत एक नोंद सापडली. १७४१ साली याच आडनावाच्या, याच वाडीतल्या एका विणकराच्या अंत्ययात्रेसाठी मखमली कापडाचे तीन पौंड जमा झाले आहेत. हा बहुधा आमच्या विणकराचा आजा असावा. त्या काळी एका कापडाच्या भाड्याला तीन पौंड देणारे घर चांगलेच सुखवस्तू असणार. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

वहीखाते

सासूबाईंचा विरस होईल, पण हे तीन पौंड स्कॉट्स आहेत. १७०७ च्या इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणात बारा स्कॉट्स पौंडांना एक इंग्लिश पौंड असा दर ठरला आणि स्कॉट्स नाणे चलनातून गेले. तरी चर्चचे खजिनदार पुढे कित्येक दशके जुन्या पौंडातच हिशेब लिहीत राहिले. आपल्याकडे नवे पैसे आल्यावरही आजी-आजोबा आण्यांतच बोलत, तसेच हे. तीन स्कॉट्स पौंड म्हणजे इंग्लिश चलनात पाच शिलिंग. विणकराच्या घराला ते जड गेले असतील, पण ते श्रीमंतीचे लक्षण नव्हे. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर बहुधा कापडांचे दर लिहिलेले असतात, तेही ताडून पाहावेत.

समुद्रपक्षी

थोडी वेगळी पण याच विषयातली अडचण मांडतो. एकाच गावात एकाच नावाची पाच-सहा माणसे असली की वही मिळूनही उपयोग होत नाही. ईशान्य किनाऱ्यावरच्या बकी, पोर्टनॉकी अशा कोळ्यांच्या गावांत दोन-तीन आडनावांवर सगळी वस्ती उभी होती, म्हणून तिथे प्रत्येक घराला टी-नेम, म्हणजे एक टोपणनाव असे, आणि ते सरकारी नोंदींतसुद्धा आडनावाला चिकटून येते. ते नाव कसले विचित्र म्हणून वगळू नये, कारण घर त्यावरूनच ओळखू येते.

आडनावच बदलल्याचे उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ हा बॅन्फ गावी ८ जुलै १७८९ रोजी जन्मला, तेव्हा तो नुसता जेम्स ग्रँट होता. डफ हे त्याच्या आईच्या माहेरचे आडनाव. तिच्या घराण्याची ईडन ही जहागीर १८२५ च्या सुमारास त्याच्याकडे आली तेव्हा त्याने ते जोडून घेतले. बाप्तिस्म्याच्या वहीत डफ म्हणून शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. वारसाहक्कासाठी असे जोडआडनाव घेण्याची चाल जमीनदार घराण्यांत पुष्कळ होती.

ज्यांचा माणूस कंपनीच्या चाकरीत मुंबई इलाख्यात आला आणि इथेच वारला, त्यांनी स्कॉटलंडच्या वह्यांत त्याचे दफन शोधत बसू नये. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि मुंबईच्या नोंदी एन ३ या मालिकेत लावल्या आहेत. काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ मध्ये उघडले, ते स्कॉट लोकांचेच. पण त्याच्या आधी वारलेल्या स्कॉट माणसाची नोंद इंग्लिश धर्मगुरूच्या वहीत मिळण्याची शक्यता अधिक.

दगडधोंडे

वहीत नसेल तर दगडावर पाहा, असे मी नेहमी सांगतो. दगड कसा वाचावा हे मात्र कुणी सांगत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातील दगडांवर बरेचदा पूर्ण नाव नसते. नवरा आणि बायको यांची आद्याक्षरे, साल आणि खाली धंद्याचे चिन्ह एवढेच असते. विणकराचा धोटा, लोहाराचा मुकुट घातलेला हातोडा, शेतकऱ्याचा नांगर, खलाशाचा नांगर. (मराठीत शेवटच्या दोहोंना एकच शब्द, पण दगडावर गोंधळ होत नाही.) बायकोची आद्याक्षरे तिच्या माहेरच्या नावाची असतात, त्यामुळे अशा चार अक्षरांवरून आणि एका धोट्यावरून लग्नाची नोंद हुडकता येते.

दगड जिथे आहे तिथेच माणूस पुरला आहे, असे धरून चालू नये. कबरीच्या जागेला तिकडे लेअर म्हणतात. ती कुटुंबाच्या नावावर असे आणि नातवाने पन्नास वर्षांनी उभारलेल्या दगडावर आजोबांच्या मृत्यूचे साल आठवणीतून घातलेले असू शकते.

अक्षरे पुसट असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना जावे, किंवा बाजूने विजेरीचा प्रकाश टाकावा. खडू, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावू नये. वाळूच्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही जातात. मी एका हौशी गृहस्थाला सालातला शेवटचा आकडा घासून उडवताना पाहिले आहे. तो सहा होता की आठ, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

कोराकागद

माझा आधीचा प्रश्न भाबडा होता, हे मान्य. पण आणखी एक विचारतो. त्याच आईवडिलांनी दुसऱ्या मुलीचेही नाव इसोबेल ठेवले, याचाच अर्थ पहिली गेली असा होत नाही का?

मोडीवाचक

बहुतेक वेळा होतो. स्कॉटलंडमध्ये नावे ठेवण्याचा एक रिवाज होता. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे, तिसऱ्याला बापाचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला बापाच्या आईचे आणि तिसरीला आईचे. आजीचे नाव चालवायचे असे आणि ते मूल गेले तर पुढच्या मुलीला तेच नाव देत. परंतु दोन्ही आज्यांचे नाव एकच असेल तर दोन जिवंत बहिणींना एकच नाव ठेवल्याचीही उदाहरणे आहेत. घरात मग थोरली आणि धाकटी म्हणत. तेव्हा आधी या विणकराच्या आईचे आणि सासूचे नाव काय होते ते पाहावे लागेल.

त्यासाठी आईवडिलांचा विवाह शोधावा. तो शोधताना हेही लक्षात असू द्यावे की वहीत बहुधा विवाह नसतो, तर त्याची पुकार असते. लग्न ठरले की चर्चमध्ये तीन रविवारी ते पुकारले जाई आणि वर-वधू वेगळ्या पॅरिशांतले असतील तर दोन्हीकडे नोंद होई. दोन्ही वाचाव्यात, कारण एकीत वडिलांचे नाव असते आणि दुसरीत नसते. काहीच मिळाले नाही तर लग्न झाले नव्हते असे समजू नये. साक्षीदारांसमोर एकमेकांना पतिपत्नी म्हणून स्वीकारले की स्कॉटलंडच्या कायद्याने विवाह पक्का होई आणि ही मुभा थेट १९४० पर्यंत होती. चर्चला ते खपत नसे. अशा जोडप्याला सेशनपुढे बोलावून दंड केला जाई आणि तो दंडही पुन्हा हिशेबाच्या वहीतच सापडतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. आजवर जे हाती लागले ते क्रमाने सांगते.

१८५८ च्या नोंदीत दफनभूमीचे नाव खरोखरच आहे. ते मी इतके दिवस पाहूनही वाचले नव्हते. खबर देणारा तिचा मुलगा होता आणि तो मृत्यूच्या वेळी हजर होता. विवाहाची पुकार दोन पॅरिशांत मिळाली. विणकराची आई मार्गारेट होती आणि सासू इसोबेल. म्हणजे दोन आज्यांचे एक नाव नव्हते आणि दोन जिवंत मुलींना इसोबेल म्हणण्याचे कारण उरत नाही. उलट पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव, हे रिवाजाप्रमाणेच झाले.

काल रात्री हिशेबाच्या वहीत मार्च १७८८ चे पान उलटले. त्या महिन्यात लहान कापडाच्या भाड्याच्या एकूण सात ओळी आहेत. एरवी महिन्याला एखादीच असते, त्यामुळे त्या गावात मुलांची काहीतरी साथ आली असावी असे वाटते, पण वहीत तसे काही लिहिलेले नाही. सातपैकी पाचवी ओळ आमच्या विणकराची आहे. आधी त्याचे नाव, मग वाडीचे नाव, मग "त्याच्या मुलीसाठी" आणि रक्कम. मुलीचे नाव नाही. खजिनदाराला त्याची गरज नव्हती.

नोंदलेल्या चार मुलांपैकी तेव्हा दोनच जन्मली होती. थोरला मुलगा १८५१ च्या खानेसुमारीत जिवंत सापडतो. उरते ती सप्टेंबर १७८६ ची इसोबेल, जी मार्चमध्ये दीड वर्षाची होती. मोडीवाचक म्हणाले ते मात्र विसरता येत नाही. १७८६ आणि १७८९ यांच्या मध्ये आणखी एक मुलगी होऊन गेली असेल आणि तीन पेन्स वाचवण्यासाठी तिची नोंद केली नसेल, तर ही ओळ तिचीही असू शकेल. म्हणून सासूबाईंच्या वहीत १७९१ ची इसोबेल मी शाईने लिहिली आहे आणि तिच्या थोरल्या बहिणीपुढे मार्च १७८८ ही तारीख पेन्सिलने. सासूबाईंनी ते पान पाहिले आणि बाकीच्या सहा ओळींतली घरे कुठली होती ते विचारले. त्यांतली दोन आडनावे त्यांच्या ओळखीची निघाली.